रिमोट प्रॉक्टरिंगची प्रमाणपत्र परीक्षा कशी सांभाळावी

रिमोट प्रॉक्टरिंग म्हणजे परीक्षार्थी आपल्या जागी वेबकॅमसमोर बसतो आणि सॉफ्टवेअर रेकॉर्डिंग करून पहारा देतं. अशी परीक्षा म्हटलं की आयोजकांना धास्ती असते कॉपीची. मी पहिल्यांदा अशी परीक्षा सांभाळली तेव्हा आलेल्या तक्रारींत कॉपीची एकही नव्हती. कुणाचं नाव ओळखपत्राशी जुळेना, कुणाचा मायक्रोफोन चालेना, आणि एका मुलीला 90 मिनिटांच्या पेपरला जेमतेम 40 मिनिटं मिळाली. चूक तिची नव्हती. मुदत मी टाकली होती. म्हणून सुरुवात घड्याळापासून.

पायरी 1: दोन घड्याळं जुळवा

अशा परीक्षेला दोन वेळा असतात. एक, पेपर सोडवायला दिलेली मिनिटं. दुसरी, पेपर बंद होण्याची तारीख-वेळ. ओपन एडएक्स आणि मूडल या ऑनलाइन कोर्स चालवायच्या दोन्ही प्रणालींत यातली जी आधी संपेल ती लागू होते. पेपर 90 मिनिटांचा, बंद होणार 6 वाजता, आणि परीक्षार्थी बसला 5:20 ला, तर त्याला 40 च मिनिटं. म्हणून ‘6 वाजेपर्यंत कधीही बसा’ असं कधीच कळवू नका. ‘साडेचारच्या आत सुरू करा’ असं कळवा.

ओपन एडएक्सच्या स्टुडिओत, म्हणजे कोर्स तयार करायच्या भागात, बंद होण्याची ही वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) भरायची असते. घाईत स्थानिक वेळ तशीच टाकली की सगळं काही तासांनी सरकतं, आणि ते परीक्षेच्या दिवशीच लक्षात येतं. वेळ भरून झाली की विद्यार्थ्याच्या खात्यातून लॉगिन करून तिथे काय दिसतं ते एकदा बघाच.

पायरी 2: परीक्षेचा प्रकार आणि प्रोव्हायडर ठरवा

स्टुडिओत परीक्षेचा जो सबसेक्शन (कोर्सचा उपविभाग) असेल त्याच्या प्रगत सेटिंगमध्ये टाइम्ड (फक्त वेळेची मर्यादा), प्रॉक्टर्ड (पहाऱ्याखाली) आणि प्रॅक्टिस प्रॉक्टर्ड (पहाऱ्याचा सराव) असे पर्याय असतात. प्रोव्हायडरची, म्हणजे पहाऱ्याची सेवा देणाऱ्या कंपनीची, निवड कोर्सच्या पातळीवर होते आणि कोर्स सुरू झाल्यावर ती बदलता येत नाही. करार लांबला म्हणून ‘तूर्त काहीतरी निवडून ठेवू’ असं केलंत तर अडकाल.

मूडलमध्ये 2020 च्या 3.9 आवृत्तीपासून सेफ एक्झाम ब्राउझरची सोय क्विझच्या सेटिंगमध्येच आहे. मात्र तो पहारा देत नाही, फक्त दार लावतो: दुसरी खिडकी उघडू देत नाही, कॉपी-पेस्ट अडवतो. शेजारी ठेवलेला फोन त्याला दिसत नाही. शिवाय तो विंडोज, मॅक आणि आयपॅडवर चालतो. लिनक्स किंवा अँड्रॉइडवाल्यांना आधीच सांगून टाका.

पायरी 3: नियम लिहा, आणि दोन्हीकडे तेच लिहा

कच्चा कागद चालेल का? कॅल्क्युलेटर? मध्ये उठून पाणी प्यायला गेलं तर? याची उत्तरं परीक्षार्थ्याला पाठवलेल्या पत्रात हवीत आणि रेकॉर्डिंग तपासणाऱ्यासाठी असलेल्या रिव्ह्यू रूल्सच्या रकान्यातही. पत्रात ‘कच्चा कागद चालेल’ आणि रकाना कोरा, असं झालं की काय होतं ते शेवटच्या पायरीत सांगतो.

पायरी 4: सराव परीक्षा सक्तीची करा

एकच पायरी नीट करायला वेळ असेल तर ही करा. सरावाच्या पेपरात प्रश्न दोनच असले तरी चालतील, कारण तपासायचं आहे ते मशीन.

मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी दिली की बहुतेकदा सांगितलं जातं, अॅप बंद करून पुन्हा उघडा. सरावात हे दोन मिनिटांचं काम आहे. खऱ्या पेपराच्या दारात तेच घडलं की माणसाचे हात थरथरतात, आणि तो भलतंच बटण दाबतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर वेगळीच गंमत: इन्स्टॉलेशनला अॅडमिनचा पासवर्ड लागतो किंवा फायरवॉल व्हिडिओ अडवते. दुसरा मॉनिटर जोडलेला असतो तो निराळाच. सराव त्याच मशीनवर, त्याच खोलीत, त्याच नेटवर करायला सांगा. घरून सराव आणि ऑफिसातून परीक्षा याला काही अर्थ नाही.

याच वेळी नावही तपासून घ्या. खात्यात टोपणनाव आणि ओळखपत्रावर पूर्ण नाव, किंवा लग्नानंतर बदललेलं आडनाव, ही अगदी नेहमीची प्रकरणं. प्रमाणपत्रावर तेच नाव छापलं जाणार असतं, त्यामुळे हे काम तसंही करायचंच आहे.

ज्यांना जादा वेळ द्यायचा आहे त्यांची नोंद पेपर उघडण्याआधी करा. ओपन एडएक्समध्ये इन्स्ट्रक्टर डॅशबोर्डच्या स्पेशल एक्झाम्स टॅबमध्ये ‘अलाउन्स’ असतो, मूडलमध्ये ‘यूझर ओव्हरराइड’. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची अडचण मात्र मिनिटांनी सुटत नाही. लॉकडाउन ब्राउझर (सेफ एक्झाम ब्राउझरसारखा, बाकी सगळं बंद ठेवणारा) त्यांचं सॉफ्टवेअरच अडवू शकतो, म्हणून त्यांच्याशी स्वतंत्र बोला.

पायरी 5: परीक्षेच्या दिवशी

एक फोन, एक माणूस, आणि समोर अटेम्प्टची यादी. कुणाच्या नावापुढे ‘एरर’ आलं की पहिला मोह ‘रीसेट’चा होतो. थांबा. रीसेटने लिहिलेली उत्तरंही पुसली जातात. तुमच्या आवृत्तीत ‘रिझ्यूम’ (थांबलं तिथून पुढे) असेल तर ते वापरा, आणि रीसेटच करावं लागलं तर परीक्षार्थ्याला आधी स्पष्ट सांगून करा. किती वाजता काय केलं हे वहीत टिपून ठेवा. आठ दिवसांनी कुणी विचारलं तर आठवणार नाही.

पायरी 6: फ्लॅग म्हणजे निकाल नव्हे

सॉफ्टवेअर फ्लॅग लावतं: चेहरा दिसला नाही, दुसरा आवाज आला, नजर सारखी खाली गेली. मी तपासलेलं एक रेकॉर्डिंग लालेलाल होतं. दर दोन मिनिटांनी ‘नजर खाली’. उघडून पाहिलं तर टेबलावर एक कोरा कागद आणि हातात पेन्सिल. मुलगा गणितं मांडत होता. आम्हीच परवानगी दिली होती, फक्त तपासणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. पाठीमागच्या खिडकीचा उजेड, अंधारी खोली, तोंडाशी नेलेला हात, एवढ्यावरही चेहरा ‘हरवतो’.

म्हणून प्रत्येक फ्लॅग माणसाने बघावा, आणि रिजेक्ट करण्याआधी दोघांनी. रिजेक्टेडचा शिक्का बसला की गुण शून्य होऊ शकतात आणि प्रमाणपत्र हातचं जाऊ शकतं. असा निर्णय कळवताना ‘नियमभंग आढळला’ एवढंच लिहू नका. कितव्या मिनिटाला काय दिसलं ते लिहा, आणि दाद मागायची मुदत द्या.

रेकॉर्डिंगमध्ये लोकांची घरं असतात, कधी मागून जाणारं लहान मूल असतं. ते कोण बघू शकतं आणि किती दिवस राहतं हे परीक्षेआधी कळवा, आणि मुदत संपल्यावर ते पुसल्याचं प्रोव्हायडरकडून लेखी मागून घ्या.