अपग्रेडनंतर पडदा काळा? सिस्टिम पुसायची घाई नको

लिनक्स अपग्रेड झालं, रीस्टार्ट केलं आणि पडदा काळा. लगेच पेनड्राइव्ह शोधून सगळं नव्याने टाकायला बसू नका. सिस्टिम बहुतेक वेळा जिवंत असते, फक्त चित्र उमटत नसतं.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 एकत्र दाबा. लॉगिन मागणारा मजकूर दिसला तर उत्तम, तिथेच लॉगिन करून पुढच्या कमांड चालवा. नाहीच दिसला, तर ग्रबच्या, म्हणजे संगणक सुरू होताना येणाऱ्या, मेन्यूत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल (सिस्टिमचा गाभा) निवडा.

नव्या कर्नलवर असाल तर 'एलएसपीसीआय -के' चालवा. ग्राफिक्स कार्डाखाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते कळतं. एनव्हिडियाच्या कार्डाखाली नूव्हो (एनव्हिडियासाठीचा मुक्त ड्रायव्हर) दिसला किंवा काहीच दिसलं नाही, तर 'डीकेएमएस स्टेटस' बघा. डीकेएमएस प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा भाग, बांधतं. नव्या कर्नलसाठी ते तयार झालंय का? माझा पहिला संशय नेहमी कर्नलच्या हेडर्सवर, म्हणजे मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइलींवर. तेच नसतील तर डीकेएमएस बांधणार काय, कपाळ? हेडर्स टाका, मग 'डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल' आणि रीस्टार्ट.

मॉड्यूल तयार आहे, तरी लोड होत नाही? सिक्युअर बूट (सुरू होताना सह्या तपासणारी सुरक्षा) चालू असेल तर विश्वासू कीची डिजिटल सही नसलेलं मॉड्यूल कर्नल नाकारतो. 'मोकयुटिल' या कमांडने सहीची की नोंदवा. ती पक्की करायला रीस्टार्टला येणारा निळा पडदा काही सेकंदांतच निघून जातो, तेव्हा चहाला उठू नका.

एएमडी, इंटेलवाल्यांना ही कटकट सहसा नसते. त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. तिथे फर्मवेअर आणि मेसा (ग्राफिक्सची लायब्ररी) यांची पॅकेजेस तपासा.

आणि डिस्ट्रोच्या (तुमच्या लिनक्स आवृत्तीच्या) ड्रायव्हर पॅकेजवर एनव्हिडियाच्या वेबसाइटवरची डॉट-रन इन्स्टॉलर फाइल चढवू नका. दोघांच्या फाइली एकमेकींवर लिहिल्या जातात, मग गुंता सोडवत बसावं लागतं.