वर्गातली कल्पना रस्त्यावर कशी उतरवावी

सत्र संपताना कॉलेजात धोरणांवरचे प्रकल्प जमा होतात, गुण मिळतात आणि गठ्ठे कपाटात जातात. त्यातल्या काही कल्पना खरोखर चांगल्या असतात, म्हणून जास्त वाईट वाटतं. घोडं अडतं ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी: हे प्रत्यक्षात यायला सही कोणाची लागेल, ते कोणी शोधलेलंच नसतं.

१. मागणी लहान करा

‘ज्येष्ठांसाठी सुरक्षित रस्ते’ हा विषय झाला. त्यावर सही करायची कुठे? ‘वाचनालयासमोरच्या सिग्नलला पायी जाणाऱ्यांसाठी पाच सेकंद वाढवा’ ही मागणी झाली. तिला हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

२. जागेवर जाऊन मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, असं बरीच वर्षं धरलं जायचं. अमेरिकेने २००९च्या नियमावलीत हा वेग १.०७ मीटरवर आणला, कारण सगळेच तितकं भरभर चालत नाहीत. आता १२ मीटर रुंदीचा रस्ता घ्या. १.२च्या वेगाने तो १० सेकंदांत पार होतो. काठी टेकत, सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजींना मात्र १५ सेकंद लागतात. वेळ दहाच सेकंदांची असेल, तर दिवा बदलतो तेव्हा त्यांचे चार मीटर अजून बाकी असतात आणि गाड्या सुटायच्या बेतात असतात.

स्टॉपवॉच घेऊन सकाळी, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी उभे राहा. किती जण निघाले, किती मध्येच अडकले, हे तारीख-वेळेसह वहीत लिहा. कोणाचं नाव लिहू नका. आणि आजींशी बोला. कदाचित त्या सांगतील, ‘सेकंदांचं राहू दे बाळा, पलीकडची फुटपाथची पायरीच चढवत नाही.’ मग मागणी बदला, मन घट्ट करून बदला. आपली आवडती कल्पना सोडवत नाही, हे मला ठाऊक आहे, पण तिथून रोज जाणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

३. सही कोणाची, ते शोधा

आधी नियम वाचा. पुष्कळदा नियम चांगलाच असतो, अंमलबजावणी नसते. तेव्हा नवा कायदा मागत बसलात तर वर्षं जातील. संबंधित कार्यालयातल्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांना भेटा. फाइल कोणत्या टेबलावर थांबते, ते त्यांना नेमकं माहीत असतं.

ग्रेगरी वॉटसन टेक्सास विद्यापीठात शिकत होता. १९८२मध्ये त्याने अमेरिकेच्या घटनेतल्या, १७८९पासून रेंगाळलेल्या एका दुरुस्तीवर निबंध लिहिला: काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्यांच्या वेतनातला बदल पुढच्या निवडणुकीनंतरच लागू व्हावा. ही दुरुस्ती अजूनही मंजूर होऊ शकते, असं त्याचं म्हणणं. निबंधाला ‘सी’ मिळाला. पण मंजुरी राज्यांच्या विधिमंडळांच्या हातात होती, म्हणून तो तिथल्या सदस्यांना पत्रं लिहीत राहिला. १९८३मध्ये मेन, १९८४मध्ये कोलोरॅडो अशी एकेका राज्याची मंजुरी मिळत १९९२मध्ये दुरुस्ती घटनेत आली. २०१७मध्ये त्याची श्रेणी बदलून ‘ए’ झाली.

४. एकच पान लिहा

अडचण, तुमची मोजणी, मागणी, खर्च. समोरून येणारा आक्षेपही त्यातच घ्या. पाच सेकंद वाढले तर गाड्यांची रांग किती लांबेल, हेही मोजून लिहा. जमलं तर एका सिग्नलवर महिनाभराचा प्रयोग मागा. कायमच्या बदलाला कचरणारा अधिकारी प्रयोगाला तयार होऊ शकतो. पैसे लागणार असतील तर अंदाजपत्रक ठरण्याआधी पोहोचा. होकार आला तर लेखी घ्या.

५. वही पुढच्यांच्या हाती द्या

विद्यार्थी दोन-तीन वर्षांत बाहेर पडतात, फाइल तिथेच असते. म्हणून पहिल्या वर्षाची दोन मुलं सुरुवातीपासून सोबत ठेवा. कोणाला कधी भेटलो, काय ठरलं, पत्राची पोच कुठे आहे, हे सगळं त्या वहीत असू द्या.

सेकंद वाढले की त्याच जागी, त्याच वेळेला पुन्हा स्टॉपवॉच लावा. आजी पलीकडे पोहोचतात तेव्हा दिवा कोणता असतो, ते लिहून ठेवा.