पर लीड पैसे देताय? मग या चुका टाळा

ऑनलाइन जाहिरातीत "काम झालं तरच पैसे" असं कोणी म्हटलं की लोकांना वाटतं रिस्क संपली. हा प्रकार जुनाच आहे, १९९६ मध्येच प्रॉक्टर अँड गॅम्बलने याहूला क्लिकवर पैसे घ्यायला लावलं होतं. गुगलची जाहिरात सेवा ॲडवर्ड्स २००० ला आली तेव्हा जाहिरात हजार वेळा दिसण्याचा भाव होता, २००२ ला क्लिकवर बोली लागायला लागली, आता गाडी लीड (म्हणजे चौकशी करणाऱ्या गिऱ्हाइकाचं नाव-नंबर) आणि विक्रीवर आलीये. पण "काम" म्हणजे काय हे कागदावर कोण लिहितं? कोणीच नाही.

सांगलीतल्या माझ्या मॉड्युलर किचनवाल्या मित्राने एका एजन्सीशी १५० रुपये पर लीड ठरवलं. पहिल्या महिन्यात २१२ लीड, भाऊ खुश, पेढे घेऊन आला. मी शीट मागितली आणि स्वतः ४० फोन लावले. ११ नंबर बंद, तिघं कर्नाटकातले, आणि एक आजोबा म्हणाले, "कूपन मिळतंय म्हणून नंबर टाकला हो, आमचा ओटा झकास आहे." ३१,८०० रुपयांत किचन लागलं एक. भांडायचं कशावर, ठरलं होतं "नाव आणि नंबर", तेवढं त्यांनी दिलं! मी आता आधीच लिहून घेतो: जिल्हा कुठला, नंबर ओटीपीने तपासलेला, तोच माणूस ९० दिवसांत परत आला तर पैसे नाहीत, बोगस लीड दर शनिवारी परत. पुढच्या महिन्यात भाव ४०० झाला, लीड फक्त २६, किचन ५.

दुसरं, टॅग, म्हणजे काम झालं हे गुगलला कळवणारा वेबसाइटवरचा छोटा कोड. फॉर्म भरल्यावर दिसणाऱ्या थँक्यू पेजचा टॅग कॉन्टॅक्ट पेजवर लावतात, मग नुसतं पेज उघडलं की कन्व्हर्जन (काम झाल्याची नोंद), आणि गुगल बिचारं नुसती पेजं उघडणारी माणसं शोधून आणतं. लीडसाठी गुगलच्या सेटिंगमध्ये कन्व्हर्जनची मोजणी "एक" वर ठेवा, "प्रत्येक" वर नको, म्हणजे एका क्लिकवरून कोणी फॉर्म दोनदा भरला तरी एकच धरला जातो. मी स्वतःच्या मोबाईलवरून ॲड क्लिक करून फॉर्म दोनदा भरतो, दुसऱ्या दिवशी आकडा बघतो. एका क्लिकचे पैसे जातात, जाऊ देत.

महिन्याला सहा लीड येत असताना टार्गेट सीपीए (एक लीड सरासरी कितीला पडावी ते सांगून बोली गुगलच्या मशीनवर सोडणं) लावू नका, मशीन शिकणार कशावरून?

टार्गेट रोज सकाळी बदलू नका. चहा प्या.

आणि दुकानात झालेली विक्री परत गुगलमध्ये अपलोड करा, म्हणजे कुठल्या लीडने खरंच खरेदी केली ते त्याला कळेल. कंटाळवाणं आहे, माहितीये, म्हणूनच कोणी करत नाही आणि मग मला रात्री ११ ला फोन येतात.