चक्कर येते, मधुमेह तर नसेल? हे कसे तपासावे

वारंवार चक्कर येऊ लागली की घरातील कोणीतरी "एकदा साखर तपासून घे" असे सांगते, आणि तो सल्ला योग्यच आहे. मात्र केवळ चक्कर येण्यावरून मधुमेह ठरत नाही. रक्तदाब उतरणे, रक्तक्षय, अंगातील पाणी कमी होणे, आतल्या कानाचा विकार, रक्तदाबाच्या गोळ्या किंवा हृदयाचे अनियमित ठोके यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. म्हणून अंदाज न बांधता क्रमाने तपास करावा.

घेरी येताच प्रथम जागच्या जागी बसावे किंवा आडवे व्हावे. दुचाकीवर असल्यास ती बाजूला थांबवावी, विहिरीच्या काठी असल्यास आधी मागे सरकावे. तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, जीभ अडखळणे, छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही सोबत असेल, तर पुढचे काहीही वाचत न बसता १०८ क्रमांकावर फोन करावा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

अशी लक्षणे नसतील, तर आठवडाभर वहीत नोंद ठेवावी: चक्कर कधी आली, किती वेळ टिकली, त्याआधी काय खाल्ले, कोणती गोळी घेतली. अंथरुणात कूस बदलताच काही क्षण घर फिरल्यासारखे वाटत असेल, तर संशय आतल्या कानावर जातो. उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रक्तदाब पाहावा. तहान फार लागणे, रात्री अनेकदा लघवीला उठावे लागणे, वजन घटणे, जखम लवकर न भरणे, नजर धूसर होणे अशी लक्षणे चकरेसोबत असतील, तर मधुमेहाची शंका बळावते.

खान्देशात ही शंका उन्हाळ्यात हमखास झाकली जाते, याची मला खरोखर काळजी वाटते. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा तहान आणि थकवा ऊन लागण्याच्या खात्यात टाकला जातो. फरक ओळखण्याची एक सोपी खूण आहे. उन्हाने पाणी आटले असेल, तर लघवी कमी आणि गडद पिवळी होते. साखर वाढलेली असेल, तर घसा कोरडा पडूनही लघवी भरपूर होत राहते. रक्तातील साखर दर १०० मिलिलिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडे ती लघवीवाटे बाहेर टाकू लागतात आणि तिच्याबरोबर पाणीही ओढून नेतात. त्यामुळे रक्तदाब उतरून चक्कर येते. कापसाच्या किंवा केळीच्या शेतात दिवसभर घाम गाळणाऱ्याच्या शरीरातून मग दोन्ही वाटांनी पाणी जाते.

रक्तदाब दोन स्थितींत मोजून घ्यावा: पाच मिनिटे पडून राहिल्यावर आणि नंतर उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर ते डॉक्टरांना सांगावे. जुन्या मधुमेहात नसा दुबळ्या झाल्यानेही असे होते.

त्यानंतर रक्ताची तपासणी. किमान आठ तास पाण्याशिवाय काहीही न घेता सकाळी रक्त द्यावे. दुधाचा चहाही चालत नाही. उपाशीपोटी साखर १०० च्या खाली असेल तर ती सामान्य, १०० ते १२५ असेल तर मधुमेहाची पूर्वपायरी आणि १२६ किंवा अधिक असेल तर मधुमेह समजतात. तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीए१सी चाचणीत ही सीमा ६.५ टक्के आहे. ठळक लक्षणे नसतील, तर निदान दुसऱ्या चाचणीने पक्के करतात. घरच्या ग्लुकोमीटरवरील आकडा इशारा म्हणून घ्यावा, निदान प्रयोगशाळेतील रक्तावरूनच व्हावे. वयाच्या तिशीनंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात ही प्राथमिक तपासणी मोफत होते.

नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यातील वाचकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. तेथील भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. या आजारात तांबड्या पेशी लवकर नष्ट होत असल्याने एचबीए१सी खऱ्यापेक्षा कमी दिसू शकते. लोहाच्या कमतरतेने तीच उलट वाढलेली दिसू शकते. त्यामुळे सिकलसेल किंवा रक्तक्षय असेल, तर डॉक्टरांना तसे सांगून उपाशीपोटीची साखर आणि ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांची साखर तपासण्याविषयी विचारावे.

औषध न घेणाऱ्या माणसाची साखर धोकादायक रीतीने सहसा उतरत नाही. म्हणून साखरपाण्याने बरे वाटले, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. लग्नात पंगत लांबली, उपवास धरला किंवा निंदणीचे काम वाढले की त्याची साखर ७० च्या खाली जाऊन घाम, थरथर आणि घेरी येऊ शकते. त्याला लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि सावरल्यावर भाकरी किंवा पोळी खाऊ घालावी. शुद्ध नसेल, तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ बोलवावी. असा प्रसंग एकदा जरी घडला, तरी वही घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि गोळीची मात्रा स्वतःहून न बदलता त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावी.