शोमधलं गाणं जॅझ स्टँडर्ड कसं होतं, ते कानाने कसं पकडायचं

जॅझ स्टँडर्ड म्हणजे जॅझ वादक पिढ्यान्पिढ्या आपापल्या पद्धतीने वाजवत राहतात असं गाणं. आधी एकच गाणं घ्या, प्लेलिस्ट नको. मी म्हणेन 'ऑल द थिंग्ज यू आर'. चाल जेरोम कर्नची, शब्द ऑस्कर हॅमरस्टाइनचे, १९३९ मधलं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचं संगीत नाटक 'व्हेरी वॉर्म फॉर मे'. नाटक साफ पडलं, ५९ प्रयोगांत गाशा गुंडाळला, गाणं मात्र अजून रोज कुठेतरी वाजतंय. आपल्याकडे नाट्यपदं नाटक सोडून मैफलीत गेली ना, तसंच समजा.

पहिल्यांदा कुणीतरी गायलेलं ऐका आणि चाल गुणगुणता येईपर्यंत ऐकत रहा, हे टाळलंत तर पुढचं काहीच कळणार नाही. मग बार मोजा, म्हणजे ठरावीक मात्रांचे छोटे तुकडे. अशी गाणी बहुतेक ३२ बारची असतात, हे ३६ चं आहे, ८, ८, ८ आणि शेवटी १२. आता खरी गंमत, यात सा एका जागी थांबतच नाही. सुरुवात एफ मायनरच्या कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले सूर, पुढची नावं पट्ट्यांची, म्हणजे सा कुठे बसतो त्याची), पहिले आठ बार संपतात सी मेजरला, पुढचे जी मेजरला, मधला भाग ई मेजरला जाऊन पोचतो आणि मग अलगद ए फ्लॅटला घरी. चाल गाताना हे जाणवतही नाही, पण सोलो, म्हणजे त्या कॉर्डवर उत्स्फूर्तपणे, वाजवणाऱ्याचा प्रत्येक वळणावर कस लागतो, आणि माझ्या मते म्हणूनच वाजवणाऱ्यांनी हे गाणं सोडलं नाही, नुसतं गोड असतं तर कधीच विसरले असते.

आता ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी आणि सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर यांचं १९४५ चं रेकॉर्डिंग लावा. कर्नने मुख्य चालीआधी लिहिलेली प्रस्तावना गायब, त्याजागी भलताच इंट्रो, म्हणजे सुरुवातीचा तुकडा. तो कर्नचा नाहीच, तरी आज जॅममध्ये, म्हणजे वादक जमून आयत्या वेळी वाजवतात तिथे, लोक तोच वाजवतात, जणू गाण्याचाच भाग!

त्यानंतर पार्करचं १९४७ चं 'बर्ड ऑफ पॅराडाइज'. इथे मूळ चालच नाही, फक्त तिचे कॉर्ड उरलेत. हे चालू असताना वरून मूळ गाणं गुणगुणून बघा, चपखल बसेल. पहिल्यांदा नाही जमलं तर पियानोवाल्याच्या डाव्या हाताचे कॉर्ड कानाने धरा, सोलोच्या मागे धावू नका.

हे जमलं की गर्शविनचं १९३० चं 'आय गॉट रिदम' आणि लगेच एलिंग्टनचं १९४० चं 'कॉटन टेल' लावा, काय सारखं आहे ते आता तुम्हीच शोधा.