सँडीगेटला मॅच बघायला जाताना

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. आमच्याकडं फुटबॉलच्या टीम तालमींच्या नावानं असतात. कुठल्या तालमीचा ते विचारू नका, निम्मे वाचक इथंच उठून जातील. शाहू स्टेडियमवरच्या मॅचसाठी शाळेचा शेवटचा तास कितीदा बुडवला त्याचा हिशेब नाही. गेली अकरा वर्षं इंग्लंडात शेफिल्डला आहे. इथं गावाकडून कुणी आलं की त्याला मँचेस्टर-लिव्हरपूलच्या मोठ्या क्लबांचं मैदान, ओल्ड ट्रॅफर्ड नाहीतर अ‍ॅनफिल्ड बघायचं असतं. तिकिटाचा आकडा ऐकून पाहुणा गप्प झाला की मी म्हणतो, चला, शनिवारी सँडीगेटला जाऊ.

सँडीगेट म्हणजे हॅलम एफ.सी.चं मैदान. शेफिल्डच्या पश्चिम अंगाला टेकडीवर क्रॉसपूल नावाची वस्ती आहे, तिथं. जगातलं सगळ्यात जुनं फुटबॉल मैदान म्हणून गिनेसमध्ये नोंद आहे ती याचीच. क्रिकेट इथं १८०४ पासून. फुटबॉलचा सामना झाला तो २६ डिसेंबर १८६० ला, हॅलम विरुद्ध शेफिल्ड एफ.सी. दोन क्लबांनी एकमेकांशी खेळायची पद्धत त्या दिवशी सुरू झाली. त्याआधी क्लबातलेच लोक आपसांत बाजू पाडून खेळायचे, लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे वगैरे. यजमान २-० नं हरले. शेफिल्ड एफ.सी. हा जगातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब, स्थापना १८५७. आपल्याकडं त्या साली काय चाललं होतं ते सांगायला नको. त्या क्लबाकडं आता आपलं जुनं मैदान राहिलेलं नाही. हॅलमकडं आहे, आणि ते त्यावर दर पंधरा दिवसांनी चिखल उडवतात.

एवढं ऐकून काही लोक संग्रहालय बघायला निघाल्यासारखे येतात. तसं येऊ नका. काचेची कपाटं, गाइड, हेडफोन यातलं इथं काही नाही. हा नॉन-लीग क्लब आहे. इंग्लंडच्या वरच्या चार डिव्हिजनमध्ये मिळून ९२ क्लब, त्यांच्याखालचे सगळे नॉन-लीग. खेळणारी पोरं आठवडाभर कुठंतरी कामाला जातात आणि शनिवारी बूट बांधतात. तालमीची टीम डोळ्यासमोर आणा, म्हणजे बरोबर कळेल.

निघायच्या आधीचं पहिलं काम: सकाळी क्लबाच्या सोशल मीडियाच्या पानावर बघा, मॅच आहे का. हे मी चुकून शिकलो. एका जानेवारीत इचलकरंजीचे मेहुणे आले होते. त्यांना थर्मल, कानटोपी, दोन-दोन मोजे असं सगळं चढवून दुपारी टेकडीवर नेलं. गेट बंद. मैदान गोठलं होतं आणि रेफ्रींनी सकाळीच येऊन टाचेनं जमीन ठोकून मॅच रद्द केली होती. हे जगजाहीर होतं, फक्त मी बघितलं नव्हतं. आम्ही बसस्टॉपवर बसून घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी आणि चपाती खाल्ली. मेहुणे अजून प्रत्येक लग्नात ती गोष्ट सांगतात. पावसाळी आठवड्यातही तेच, मैदानात पाणी साचलं की दुपारी बारा-एकपर्यंत निर्णय येतो. लंडनहून येत असाल तर सेंट पँक्रस ते शेफिल्ड थेट गाडी साधारण दोन तासांची आहे. मॅच नसली तर दिवस कुठं घालवायचा तेही ठरवून या.

शनिवारची मॅच तीनला. मधल्या वारी असली तर संध्याकाळी पावणेआठला, दिव्यांखाली. पहिल्यांदा येणाऱ्यानं शनिवारच धरावा. शहरातून लॉज मूरकडं जाणारी ५१ नंबरची बस पकडा आणि ड्रायव्हरला नुसतं ‘सँडीगेट’ म्हणून सांगा. बस चढणीला लागली की लागली, संपतच नाही. पन्हाळ्याला वर चढताना कान बंद होतात तसे होणार नाहीत, पण खाली उतरल्यावर वारं काय म्हणतं ते ऐका. पलीकडं पीक डिस्ट्रिक्टची उघडी माळरानं आहेत आणि तिथून निघालेल्या वाऱ्याला अडवायला मध्ये काही नाही. ऑक्टोबर ते मार्च शहरात जेवढे कपडे पुरतात त्यावर एक जादा घाला. हातमोजे विसरू नका. आणि बूट असे घाला की चिखल लागला तरी जीव जळणार नाही. पांढरे स्निकर घालून आलेला भाचा हाफटाइमला रडकुंडीला आला होता.

अडीचला पोचा. तीनला पोचाल तर मॅच दिसेल, पण मैदान बघायचं राहून जाईल. तिकीट गेटवरच मिळतं, दहा पौंडांच्या आसपास. सीट नंबर वगैरे भानगड नाही. प्रोग्रॅम म्हणजे छापील पुस्तिका मिळाली तर जरूर घ्या, दोन्ही टीमची नावं त्यात असतात आणि ते पैसे क्लबाला जातात. लॉटरीची तिकिटं विकत कुणीतरी फिरतं, तेही घ्या. माझं आजवर एकदाही लागलेलं नाही.

गेटवरचे काका, चहावाल्या बाई, मैदान आखणारा, झेंडे लावणारा, यातले बहुतेक जण फुकट राबणारे असतात. त्यांच्याशी बोला. ‘कुठून आलात?’ हा प्रश्न येणारच. इंडिया म्हणालात तर क्रिकेट निघेल, तेव्हा सरळ कोल्हापूर म्हणा आणि सांगा की आमच्याकडं पेठापेठांच्या टीम आहेत आणि मॅचच्या दिवशी घराघरात दोन तट पडतात. एका म्हाताऱ्यानं मला तालीम म्हणजे काय ते नीट समजावून घेतलं, कुस्तीचा आखाडा आणि फुटबॉल टीम एकाच नावाची कशी हे त्याला पटेना. शेवटी म्हणाला, म्हणजे आमच्यासारखंच, आमच्या क्लबात क्रिकेट आणि फुटबॉल. मला तेवढं पुरलं. आणखी एक, इथले पुरुष पुरुषांनाही ‘लव्ह’ म्हणतात. पैसे परत देताना गेटवरच्या दाढीवाल्यानं ‘हिअर यू आर, लव्ह’ म्हटलं तर दचकू नका. आपलं ‘भावा’ तसं ते.

आता मुख्य गोष्ट, उतार. सँडीगेटचं मैदान सपाट नाही. टीव्हीवर आयुष्यभर हिरव्या कॅरमबोर्डावरचा फुटबॉल बघितलेल्या माणसाला हे आधी खरं वाटत नाही. उतार कुठून कुठं आहे ते मी सांगणार नाही, मॅच सुरू व्हायच्या आधी तुम्हीच शोधा. वॉर्म-अपच्या वेळी गोलपोस्टच्या मागं जाऊन गुडघ्यावर बसा आणि आडव्या दांड्याकडं बघा, मग त्याच्यामागच्या घरांच्या छपरांकडं. नाहीच कळलं तर एखादा सुटलेला चेंडू बघत राहा. तो जिकडं थांबायचं विसरतो तिकडं उतार.

एकदा उतार सापडला की पूर्ण मॅच वेगळी दिसायला लागते. टॉस जिंकलेला कॅप्टन कुठली बाजू मागतो, ते बघा. उताराच्या बाजूला टाकलेला लांब पास हमखास बाहेर जातो, पाहुण्या टीमला हे कळायला वीसेक मिनिटं लागतात आणि तेवढ्यात एखादा गोल बसतो. मागच्या सीझनला माझ्यापासून दोन हातांवर पाहुण्यांचा विंगर चेंडूमागं पळत होता. चेंडू रेषेबाहेर जाणार म्हणून त्यानं पाय थोडा आखडला. हॅलमच्या बॅकनं मात्र पाय आखडला नाही, कारण त्याला माहीत होतं की तिथं चिखलाचा एक पट्टा आहे आणि चेंडू त्यात बसणार. बसलाच. बॅकनं तो उचलून पुढं मारला, तोवर विंगर कमरेवर हात ठेवून त्या चिखलाकडं बघत होता. घरचं मैदान म्हणजे काय हे मला शाहू स्टेडियमच्या गॅलरीतून कधी दिसलं नव्हतं. तिथं आपण लांब असतो, शिवाय आपल्याच आवाजात बुडालेले असतो.

म्हणून एका जागी बसून राहू नका. पहिली पंधरा मिनिटं एका कडेला, पुढची पंधरा दुसऱ्या कडेला, असं कठड्याला टेकत फिरा. हाफटाइमला आणखी एक गंमत दिसेल: आपली टीम ज्या गोलवर हल्ला करणार त्यामागं उभं राहायचं म्हणून लोक चहाचे कप सांभाळत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जातात. त्यांच्यात मिसळून चाला. पाहुण्या टीमचे लोक समोरून येतात, वाटेत एकमेकांना टोमणे मारतात आणि पुढं जातात. आपल्याकडं दोन पेठांच्या लोकांना हाफटाइमला असं समोरासमोर चालवलं तर काय होईल याचा विचार मी दर वेळी करतो.

ओरडण्याबद्दल एक सांगतो. शाहू स्टेडियमवर हजारोंत तुम्ही काय बोललात ते कुणाच्या बापाला कळत नाही. इथं त्यामानानं थोडी माणसं. लाइन्समन तुमच्यापासून हातभर अंतरावर, त्याच्या श्वासाचा आवाज येतो. माझ्या तोंडून पहिल्या महिन्यात एक अस्सल पेठेतला शब्द गेला. अर्थ कुणाला कळला नाही, पण सूर सगळ्यांना कळला. लाइन्समननं झेंडा खाली धरून माझ्याकडं मान वळवली. तेव्हापासून तोंडावर बोलता येईल तेवढंच बोलतो. खेळाडूही उत्तर देतात, हे लक्षात असू द्या. बदली खेळाडू तर तुमच्या शेजारीच वॉर्म-अप करत असतो.

खाण्यापिण्याचं. पाय (pie), म्हणजे मैद्याच्या आवरणात मांसाचं सारण भरून भाजलेला खारा पदार्थ, आणि वर शिजवून घोटलेला हिरवा वाटाणा, हे इथलं मॅचचं जेवण. त्यावर शेफिल्डमध्ये हेंडरसन रेलिश ओततात. काळपट, आंबट-गोड, पातळ सॉस, १८८५ पासून याच शहरात बनतो. शाकाहारी लोकांनी चिप्स, म्हणजे बटाट्याचे तळलेले जाड तुकडे, आणि वाटाणा घ्यावा. रेलिशमध्ये मासा नसतो, वूस्टर सॉसमध्ये असतो, त्यामुळं हा निश्चिंत खा. खरं सांगायचं तर वाटाणा पुचाट लागतो. मी कोटाच्या आतल्या खिशात कांदा-लसूण मसाल्याची डबी ठेवतो. एकदा चिप्सवर भुरभुरताना शेजारच्या माणसानं मागितला, चिमूटभर घ्या म्हटलं तर चमचाभर घेतला. पुढची दहा मिनिटं तो मॅचकडं पाठ करून उभा होता. पण हाफटाइमनंतर परत आला आणि हात पुढं केला.

दारूचं म्हणाल तर मोठ्या क्लबांच्या स्टेडियममध्ये मैदान दिसेल अशा जागी पिण्यावर १९८५ च्या कायद्यानं बंदी आहे. या पातळीवर सहसा तसं नसतं, लोक बिअरचा प्लॅस्टिकचा ग्लास घेऊन कठड्याला उभे असतात. काचेचा ग्लास बाहेर नेऊ नका.

क्लबहाउसमध्ये कुणाला तरी यूडन कपाबद्दल विचारा. थॉमस यूडन हा शेफिल्डचा थिएटरवाला, त्यानं १८६७ मध्ये स्पर्धेसाठी कप ठेवला. बारा टीम उतरल्या. फुटबॉलची ही पहिली बाद स्पर्धा, इंग्लंडभरच्या क्लबांच्या एफ.ए. कपच्या आधीची, आणि ती हॅलमनं जिंकली. फायनल ब्रॅमॉल लेनवर नॉरफोक नावाच्या क्लबाशी झाली आणि तीत एकही गोल झाला नाही. शेफिल्डच्या त्या वेळच्या नियमांत ‘रूज’ नावाचा प्रकार होता: गोलच्या दोन्ही अंगांना आणखी एकेक झेंडा, त्यामधून गेलेल्या चेंडूला पहिला हात लावला की रूज. गोल सारखे असले तर रूज मोजायचे. हॅलमचे दोन रूज, समोरच्यांचे शून्य. पुढं तो कप कित्येक वर्षं बेपत्ता होता, १९९७ मध्ये क्लबाकडं परत आला. मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली ती शेजारच्या टेबलावर दोघे जण त्या दिवशीच्या पेनल्टीवरून भांडत असताना, आणि सांगणारा मध्येच थांबून त्या भांडणात उतरला. कपाचा उरलेला भाग पुढच्या मॅचला ऐकला.

मॅच पाचच्या आत संपते. लगेच पळू नका. खेळाडू अंघोळ करून क्लबहाउसमध्ये येतात आणि खातात, ज्याला तासापूर्वी शिव्या घातल्या तो तुमच्या मागं रांगेत उभा असतो. बाहेर कॉर्नरचे झेंडे उपटून गोळा करणं चालू असतं. हात लावू का म्हणून विचारलंत तर नाही म्हणत नाहीत. मी विचारलं तेव्हा माझ्या हातात दोन झेंडे आणि एक जाळीचा गुंडाळा दिला आणि तो माणूस दिवे घालवायला निघून गेला. कुठं ठेवायचं ते न सांगता.

हिवाळ्यात परतीला काळोख असतो. बस समोरच्या बाजूनं, उताराला तोंड करून येते. चढायच्या आधी बुटांचा चिखल फुटपाथच्या कडेला घासून काढा. ड्रायव्हर काही बोलत नाही, पण आरशातून बघतो.