ब्लास्टमध्ये काहीच सापडलं नाही तर प्रोटीनचा फोल्ड कसा शोधायचा

भुईमुगाचं रोप उपटून मुळावरची एखादी गाठ नखाने फोडून बघा, आत गुलाबी-लालसर रंग दिसतो. तो लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे ऑक्सिजन धरणाऱ्या एका प्रोटीनचा. आता दुसरीकडे स्पर्म व्हेल, म्हणजे देवमासा, त्याच्या स्नायूतलं मायोग्लोबिन घ्या, केंड्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये ज्याचं स्ट्रक्चर (त्रिमितीय रचना) काढलं तेच. या दोघांचे सिक्वेन्स, म्हणजे अमिनो ॲसिडची साखळी, शेजारी ठेवले तर जेमतेम वीस टक्क्यांच्या आसपास अमिनो ॲसिड जुळतात, पण घडी मात्र तीच, हीम या लोह असलेल्या रेणूभोवती गुंडाळलेल्या हेलिक्स (स्प्रिंगसारखी वेटोळी). झाड आणि देवमासा! मला हे अजूनही विलक्षण वाटतं, आणि फोल्ड रेकग्निशन, म्हणजे सिक्वेन्सवरून प्रोटीनची घडी (फोल्ड) ओळखणं, शिकायला याहून चांगलं उदाहरण नाही कारण उत्तर आधीच माहीत आहे. स्वतःचं अनोळखी प्रोटीन टाकायच्या आधी एकदा यावर हात बसवा.

युनिप्रॉट या प्रोटीन सिक्वेन्सच्या डेटाबेसवरून सोयाबीनच्या लेगहिमोग्लोबिनचा सिक्वेन्स फास्टा फॉरमॅटमध्ये (साध्या मजकुरात) घ्या, साधारण १४५ अमिनो ॲसिडचा छोटा आहे, एकच डोमेन (स्वतंत्रपणे घडी घालणारा भाग) आहे त्यामुळे कापाकापी लागत नाही. तुमचं स्वतःचं प्रोटीन सहाशे-सातशेचं असेल तर मात्र अख्खं टाकू नका. आधी इंटरप्रो या वेबसाइटवर डोमेन कुठून कुठे आहेत ते बघा, सिग्नल पेप्टाइड (सुरुवातीचा, नंतर कापला जाणारा पत्त्याचा तुकडा) काढून टाका आणि एकेक तुकडा वेगळा चालवा, नाहीतर एका मोठ्या ओळखीच्या डोमेनचेच शंभर हिट येतात आणि तुम्हाला हवा असलेला भाग खाली कुठेतरी दबून जातो.

मग पहिल्यांदा साधा ब्लास्ट, म्हणजे सिक्वेन्सची अक्षरं जुळवून सारखे सिक्वेन्स शोधणारं साधन, डेटाबेस पीडीबी (माहीत असलेल्या स्ट्रक्चरचा संग्रह) निवडून. चांगल्या लांबीवर तीस-पस्तीस टक्क्यांच्या वर आयडेंटिटी (तंतोतंत जुळणारी अमिनो ॲसिड) मिळाली तर काम झालं, पुढचं काही करायची गरज नाही. लेगहिमोग्लोबिन टाकल्यावर त्याची स्वतःची आणि इतर झाडांची स्ट्रक्चर वर येतीलच, ती बाजूला ठेवा, ती नाहीतच असं समजा आणि मायोग्लोबिनपर्यंत कसं पोचायचं ते बघा. वीस-पंचवीस टक्क्यांच्या पट्ट्यात खरं नातं आणि योगायोग यातला फरक नुसती अक्षरं जुळवून कळत नाही, ब्लास्टची ताकद तिथे संपते.

इथे थ्रेडिंगची, म्हणजे सिक्वेन्स माहीत असलेल्या स्ट्रक्चरमध्ये बसतो का ते बघायची, कल्पना कामाला येते. १९९१ मध्ये आयझेनबर्ग यांच्या गटाने असं केलं की माहीत असलेल्या स्ट्रक्चरमधली प्रत्येक जागा आत दडलेली आहे की पाण्याकडे उघडी, आजूबाजूला काय आहे, हेलिक्समध्ये आहे की स्ट्रँडमध्ये (ताणलेल्या सरळ पट्टीत), यावरून जागांचे १८ प्रकार पाडले, आणि कुठल्या प्रकारच्या जागेत कुठलं अमिनो ॲसिड रमतं त्याचे गुण दिले. पुढच्याच वर्षी जोन्स, टेलर आणि थॉर्नटन यांनी सिक्वेन्स सरळ स्ट्रक्चरमध्ये ओवून बघायची पद्धत मांडली, सुईत दोरा ओवतो तसं. आता ही कामं बहुतेक सर्व्हर प्रोफाइल (नात्यातल्या अनेक सिक्वेन्सचा एकत्र सारांश) वापरून करतात, म्हणजे एका सिक्वेन्सची नाही तर अख्ख्या कुटुंबाची दुसऱ्या कुटुंबाशी तुलना.

तर एचएचप्रेड हा असाच सर्व्हर उघडा, सिक्वेन्स पेस्ट करा, डेटाबेस पीडीबीचाच राहू द्या, बाकी सेटिंगला हात न लावता चालवा. निकालात प्रोबॅबिलिटीचा रकाना महत्त्वाचा: ९५ च्या वर असेल तर नातं जवळपास पक्कं, ५० च्या वर असेल तर गंभीरपणे घ्या, आणि पहिल्या तीनात असेल तर ३० च्या वरचंही सोडू नका. पण कळकळीने सांगतो, आकडा बघून थांबू नका. मी एकदा ९० च्या वरचा आकडा बघून दोन आठवडे मॉडेल बनवत बसलो होतो आणि नंतर लक्षात आलं की जुळलेला भाग म्हणजे नुसती एक लांब कॉइल्ड-कॉइल (दोरीसारखी पिळली जाणारी) हेलिक्स, अशी कुणाशीही जुळते.

म्हणून अलाइनमेंट (दोन सिक्वेन्सची एकाखाली एक मांडणी) उघडून ओळ न् ओळ वाचा. आधी वरच्या आणि खालच्या हेलिक्स एकमेकांच्या समोर येतात का, गॅप (जुळवताना सोडलेली रिकामी जागा) हेलिक्सच्या मधोमध पडलाय की दोन हेलिक्सच्या जोडावर (जोडावर चालतो, मधोमध शंका घ्या). मग कामाची अमिनो ॲसिड शोधा. मायोग्लोबिनमध्ये हीमचं लोह धरणारं हिस्टिडिन ९३ व्या जागी आहे, सोयाबीनच्या लेगहिमोग्लोबिनमध्ये ९२ व्या. अलाइनमेंटमध्ये ही दोन अगदी एकाखाली एक येतात का बघा, आली की समजायचं की घडी तर जुळलीच पण अलाइनमेंटही योग्य जागी बसलं आहे. नंबर एकाने पुढेमागे दिसला तर घाबरू नका, सुरुवातीचं मेथिओनिन मोजलं की नाही एवढाच तो फरक असतो.

दुसरं मत म्हणून फायर-टू (Phyre2) या दुसऱ्या सर्व्हरवर टाका. तिथला कॉन्फिडन्स म्हणजे नातं असण्याची खात्री, मॉडेल बिनचूक असण्याची नाही, हे बरेच जण गफलतीने एकच समजतात.

आता सिक्वेन्सवरून थेट स्ट्रक्चरचा अंदाज देणारा एआय प्रोग्राम अल्फाफोल्ड असताना हे सगळं कशाला, असं कुणी विचारेलच. वापरा की, जरूर वापरा, तयार डेटाबेसमध्ये वीस कोटींहून जास्त मॉडेल आहेत. तुमच्या प्रोटीनचं मॉडेल उतरवून घ्या, पीएलडीडीटी (प्रत्येक जागेच्या अंदाजाची खात्री, शंभरपैकी) ५० च्या खालचे लोंबते भाग कापा आणि आकारावरून सारखी स्ट्रक्चर शोधणाऱ्या फोल्डसीकमध्ये टाकून पीडीबीत शोधा. टीएम-स्कोअर (दोन आकार किती सारखे, ० ते १) ०.५ च्या वर असेल तर साधारणपणे फोल्ड तोच. पण अल्फाफोल्ड आकार देतो, तो आकार आधी कुठे दिसलाय आणि कुठलं अमिनो ॲसिड कुणाच्या जागी आहे हे तुम्हालाच जुळवायचं असतं. एचएचप्रेड आणि फोल्डसीक दोन्ही वेगळ्या वाटेने एकाच फोल्डकडे बोट दाखवत असतील तरच मी वहीत लिहितो.

आणि लिहिताना फक्त फोल्ड लिहा, काम नाही. मायोग्लोबिन स्नायूत ऑक्सिजन साठवतं, लेगहिमोग्लोबिन गाठीतला मोकळा ऑक्सिजन कमी ठेवतं कारण नायट्रोजन स्थिर करणारं एन्झाइम ऑक्सिजनने खराब होतं, घडी एक असली तरी कामात बराच फरक.

कशातच काही सापडलं नाही तर तारीख टाकून ठेवा आणि काही महिन्यांनी तोच सिक्वेन्स परत चालवा, पीडीबीत दर बुधवारी नवीन स्ट्रक्चर येत असतात.